एकाहत्तर टक्के

विडी घरकुलात दुपारी दोनला लाइट जाते
हे कंप्युटरला कुणी सांगितलेलं नाही.
अप्पांच्या छातीच्या स्कॅनची फाइल अडतीसवर होती.
पंखा थांबला,
राउटरचे हिरवे डोळे मिटले एकेक करून.

लाइट आल्यावर पाहिलं तर
फोल्डरात अर्धी फाइल पडलेली,
नावाला लांब शेपूट : सीआरडाउनलोड.
शेपूट छाटून उघडून बघितली.
“फाइल खराब आहे,” मशीन म्हणालं.
जिन्यातल्या खुर्चीवरून अप्पा म्हणाले,
“फाइल म्हणतंय का छाती?”
आणि हसता हसता खोकत राहिले
बराच वेळ.

मी पुन्हा बटण दाबलं. शून्य.
मग ते अडतीस कुणी खाल्ले
हे विचारायला कुठं खिडकी नसते.
अप्पांना मात्र पटेना.
एकतीस वर्षं जॅकार्डवर काढलेला माणूस :
“पोगु तुटला तर माग थांबतो की गं.
दोन टोकं शोधायची, थुंकी लावायची, गाठ मारायची,
तुटलं तिथनं पुढं.
कुठला शहाणा अख्खी चादर उसवतो?”

आई सुपावर पानं कातरत होती. तिचं मत वेगळं.
पंचविसाला एक कमी असली तरी
कारखान्यात कट्टा घेत नाहीत.
चोवीस म्हणजे शून्यच, ती म्हणाली,
आणि तीन विड्या छाटात टाकल्या.

संध्याकाळी मोबाईलचं नेट जोडलं.
फोन गॅलरीच्या कठड्यावर, विटेला टेकवून,
तिथं अक्कलकोट रोडकडून थोडी रेंज येते.
चाळीस. पंचावन्न.
तेवढ्यात खाली चार दिवसांनी नळ आला,
मी घागरी घेऊन धावले,
आणि त्याच वेळी आत्याला फोन करावासा वाटला.
एकाहत्तरवर सगळं गोठलं.
गोठून राहिलं ते इतका वेळ की लिंकच मेली.
“चोवीस तासच चालते मॅडम,” स्कॅन सेंटरची मुलगी म्हणाली,
“दुसरी पाठवते.”
रोज असल्या किती अर्धवट फायली ऐकत असेल ती.

वरच्या मजल्यावरचा, कोडम मामांचा साईप्रकाश आला,
दारातूनच ओरडला,
“कॅन्सल दाबू नका अक्का! जुनं पुसू नका!
नवा पत्ता जुन्याच फाइलला जोडायचा.”
कसलासा प्रोग्रॅम टाकला, लिंक चिकटवली.
काहीच झालं नाही.
आणखी थोडा वेळ काहीच झालं नाही.
मग बहात्तर.

अप्पा बनियनवरच येऊन मागे उभे राहिले.
“ह्याला कुणीतरी जॉबरनं शिकवलेलं दिसतंय,” म्हणाले.

रात्री साडेअकराला फाइल उघडली.
काळ्यावर पांढऱ्या फासळ्या,
फणीच्या दातांसारख्या, पण वाकलेल्या.
अप्पांनी चष्मा लावला
आणि चादर तपासायचे तसं
स्क्रीनवरून बोट फिरवायला लागले.
जोडलेली जागा हाताला लागतेच, म्हणाले,
गाठ कितीही बारीक असो.
एकाहत्तर आणि बहात्तरच्या मधे कुठंतरी असणार.
डावीकडून उजवीकडे. खालून वर.
एका पांढुरक्या ठिपक्यापाशी बोट थांबलं,
पुढं गेलं,
परत आलं.
“ही का गं?”

आईनं सूप बाजूला ठेवलं.
मी म्हटलं, उद्या डॉक्टर बघतील,
आणि फाइलची आणखी एक प्रत
पेनड्राइव्हवर टाकायला लावली.
हिरवी पट्टी सरकत होती हळूहळू.
लाइट होती.